डोकं कुठल्या बाजूला

सामना संपून तासभर झाला तरी
माझ्या चहाच्या टपरीपुढून कुणी हलत नाही.
कंब्रियाच्या या किनाऱ्यावर वारा आयर्लंडकडून निघतो
आणि थेट कपात शिरतो,
आणि हे उभेच,
पुढच्या शनिवारी सात नंबरचा शर्ट कुणाच्या अंगात
याचा निकाल लागल्याशिवाय घरी जायचं नाही
अशी शपथ घेतल्यासारखे.
कुंपणाबाहेरून शेळ्या हाकायला तिकीट लागत नाही.

"थ्वेटचा पोरगा," ग्लेनिस म्हणते,
"सतरा वर्षांचा, पण डावा पाय बघा त्याचा.
चेंडू कोपऱ्यात असा ठेवतो
जशी मी खिडकीत कुंडी ठेवते."
"सतरा!" नॉर्मनचा चहा सांडतो.
"हाफबॅकला तोंड लागतं, तोंड.
बारा आडदांड गड्यांना शिव्या घालून
जागेवर उभं करायचं काम आहे ते.
कॅलमच हवा."
"कॅलमला पकड कुठे येते?"

झालं.
आता विल्फ पुढे होणार.
खाणीत दोन बोटं ठेवून आलेला विल्फ
उरलेल्या आठांनी कचऱ्याच्या पिंपाला कवळतो:
"खांदा इथे, मांडीच्या वर.
डोकं मागे. मागे!
गाल त्याच्या ढुंगणाला चिकटला पाहिजे,
लाजायचं नाही.
मग हात आवळा, पाय चालवत राहा,
गडी आपोआप बसतो."
पिंप बसतं.
चिप्सचे कागद गोलपोस्टाकडे धावत सुटतात.
"आणि कॅलम? डोकं पुढे घालतो,
येणाऱ्या गुडघ्याच्या वाटेत,
दाराच्या फटीत बोट घालावं तसं.
कुणी शिकवलं त्याला असं?"

मी.

पाच वर्षांचा होता, एक डोळा आळशी.
डॉक्टरने चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली,
वर्षभर.
वर्षभर तो मान तिरकी करून जगाकडे बघत राहिला
आणि मी मागच्या अंगणात
चेंडू पोटाशी धरून, गुडघ्यांवर चालत
त्याच्या अंगावर जायचे,
ये, पाड मला.
मी ज्या बाजूला दिसायचे त्याच बाजूने तो यायचा.
डोकं आधी, माझ्या पोटावर.
मला वाटायचं, किती ही माया.

आज तो आला नाही.
खांदा धरलाय, असं सगळ्यांना सांगितलंय.
गुरुवारी स्वयंपाकघरात उभा राहून त्याने विचारलं,
"आई, चमचे कुठल्या खणात असतात?"
सत्तावीस वर्षं एकाच खणात आहेत चमचे.
मी खण उघडून दिला.
त्याने चहा ढवळला, ढवळतच राहिला,
मग टेबलापाशी बसून चिठ्ठी लिहिली,
चार ओळी, एक शब्द तीनदा खोडून,
आणि म्हणाला, कोचला तूच दे,
माझ्याने तोंड उघडवणार नाही.
तेच तोंड, नॉर्मन.

चिठ्ठी एप्रनच्या खिशात आहे.
सामन्याआधी द्यायची होती.
मग मध्यंतरात.

"तू का गप्प, मेरियल?" ग्लेनिस वळते.
"पोरगा तुझा. तूच सांग, सात नंबर कुणाला?"
सगळे कप हवेत थांबतात.
"साखर किती?" मी विचारते.

हसतात, आणि पुन्हा जुंपते.
नॉर्मन पिंप उभं करतो, विल्फ पुन्हा पाडतो,
कुणीतरी म्हणतं, अरे डोकं शिकवता येतं,
महिनाभर माझ्या हाताखाली द्या,
कुणीतरी म्हणतं, हाडात मुरलेलं निघत नाही,
आणि रिकामे कप गोळा करताना मला कळतं
हात खिशाकडे का जात नाहीये.
यांचं भांडण चालू आहे तोवर
माझा पोरगा संघात आहे.

कोच येतो, कॉलर कानापर्यंत ओढून.
"एक चहा. बिनसाखरेचा.
कॅलमचा खांदा काय म्हणतो?"
किटली वाकडी करून बघते,
अर्धा कप सहज निघेल.
थांबा, म्हणते,
नवीन पाणी ठेवते.